आधारवर्षाचा प्रश्न : कसबा बावड्याचा साखर कारखाना आणि उत्सर्जन-नियंत्रणाचे आंतरराष्ट्रीय अर्थकारण

कोल्हापूर शहराच्या उत्तरेस पंचगंगेच्या काठी वसलेला कसबा बावडा आज कोल्हापूर महानगरपालिकेच्या हद्दीत मोडतो. राजर्षी शाहू छत्रपतींचे जन्मस्थान असलेला लक्ष्मी-विलास राजवाडा ह्याच परिसरात आहे. पुराच्या दिवसांत ज्याच्या पातळीकडे सर्व जिल्ह्याचे लक्ष लागलेले असते तो राजाराम बंधारा येथीलच, आणि श्री छत्रपती राजाराम सहकारी साखर कारखानाही येथेच उभा आहे. हरितगृह वायूंच्या उत्सर्जनावर नियंत्रण घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारांचा इतिहास लिहिताना रिओ, क्योतो आणि पॅरिस ह्या नगरांची नावे येतात. कसबा बावड्याचे नाव येण्याचे वरवर पाहता कारण दिसत नाही. तथापि ह्या करारांच्या अर्थशास्त्रात जो प्रश्न सर्वांत अवघड ठरला, तो ऊस गाळून त्याच्याच चोथ्यावर चालणाऱ्या एका कारखान्याच्या उदाहरणाने जितका स्पष्ट होतो तितका क्वचितच अन्य उदाहरणाने होईल. उत्सर्जनातील घट मोजावयाची ती कोठपासून, हा तो प्रश्न होय. प्रदूषणाला किंमत किती लावावी, यावर अर्थशास्त्रज्ञांनी विपुल लिहिले. परंतु ती किंमत कोणी कोणास द्यावयाची, हे बहुतांशी आधारवर्षाच्या आणि आधाररेषेच्या निवडीने आधीच ठरून गेले होते. गेल्या तीन दशकांतील उत्सर्जन-धोरणाचा आढावा ह्या दृष्टीने घेणे उपयुक्त ठरेल.

१. चोथ्याचे अर्थशास्त्र

हिंदुस्थानातील साखरधंद्याची आधुनिक वाढ हीच मुळी एका किंमतविषयक धोरणाची निष्पत्ती होती. टॅरिफ बोर्डाच्या शिफारशीवरून १९३२ साली साखर उद्योगास संरक्षण देणारा कायदा झाला आणि जावा बेटातून येणाऱ्या साखरेवर संरक्षक जकात बसली. त्यापूर्वी देशात तीसच्या आसपास असलेल्या कारखान्यांची संख्या काही वर्षांतच शंभराच्या वर गेली. छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकीर्दीत, १९३० नंतरच्या दशकात, कसबा बावड्यास स्थापन झालेला 'कोल्हापूर शुगर मिल्स' हा कारखाना ह्याच लाटेतील. पुढे १९८० नंतरच्या दशकात तो सभासद शेतकऱ्यांच्या सहकारी मालकीचा झाला.

ऊस गाळल्यावर जो चोथा उरतो त्यास कारखान्यात बगॅस व गुऱ्हाळावर चिपाड म्हणतात. गाळलेल्या उसाच्या वजनाच्या सुमारे तीस टक्के इतका हा चोथा निघतो व त्यात निम्मे पाणी असते. साखर कारखान्यांनी प्रारंभापासून हेच इंधन वापरले. बगॅस जाळून वाफ करावयाची, त्या वाफेवर गाळपयंत्रे व वीज-जनित्र चालवावयाचे, आणि उरलेल्या वाफेने रस आटवावयाचा, असा हा क्रम आहे. उसाने वाढताना हवेतून घेतलेलाच कार्बन बगॅस जळताना हवेत परत जातो व पुढील हंगामाचा ऊस तो पुन्हा शोषून घेतो. म्हणून ह्या ज्वलनातून वातावरणात कार्बन डायऑक्साइडची निव्वळ भर पडत नाही, असे आंतरराष्ट्रीय गणनेत मानले जाते. ऊस पिकविण्यासाठी लागणारी वीज आणि रासायनिक खते ह्यांचे उत्सर्जन अर्थात वेगळे मोजावे लागते.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. जुन्या कारखान्यांतील बाष्पके कमी दाबाची, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे २१ किलोग्रॅम दाबाची असत. एवढ्या दाबाच्या वाफेपासून कारखान्यापुरतीच वीज मिळे. अधिक दाबाची यंत्रे तंत्रशास्त्राला अज्ञात होती असे नव्हे. परंतु जादा वीज विकत घेणारा कोणी नव्हता, आणि उरलेल्या बगॅसचे ढीग सांभाळणे हीच एक अडचण होती. तो पेट घेतो, कुजतो, जागा अडवितो. यास्तव सगळा बगॅस हंगामातच जळून जावा अशा बेताने यंत्रे बसविली जात. आज जी अकार्यक्षमता म्हणून दिसते ती त्या काळच्या किमतींना अनुसरून केलेली निवड होती. ज्या वस्तूला किंमत नाही तिची काटकसर कोणी करीत नाही, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक नियम येथे पुरेपूर प्रत्ययास येतो.

२. किंमत आणि वाटप

वातावरणाच्या बाबतीतही हाच नियम लागू पडतो. धूर सोडणारा कारखाना इतरांवर जो खर्च लादतो तो त्याच्या हिशेबात येत नाही. तेव्हा तितका कर बसवून खासगी खर्च व सामाजिक खर्च यांतील अंतर भरून काढावे, असे ए. सी. पिगू यांनी १९२० साली प्रसिद्ध झालेल्या कल्याण-अर्थशास्त्रावरील ग्रंथात मांडले. रोनाल्ड कोस यांनी १९६० साली ह्या विचाराला वेगळे वळण दिले. हक्क कोणाचा हे एकदा निश्चित झाले आणि सौदा करण्यास खर्च येत नसला, तर हक्क कोणाकडेही असो, उभय पक्ष परस्पर देवघेवीने सारख्याच कार्यक्षम स्थितीला पोहोचतील, असे त्यांचे प्रतिपादन होते. कॅनडातील जे. एच. डेल्स यांनी १९६८ साली प्रदूषण व मालमत्ता यांवरील पुस्तकात प्रदूषणाचे परवाने बाजारात विकण्याची कल्पना स्पष्ट केली. अमेरिकेने १९९०च्या कायद्याने गंधकाच्या धुरासाठी असा बाजार प्रत्यक्ष उभा केला.

कोस यांच्या सिद्धांताचा पूर्वार्ध पुष्कळांनी उचलला. उत्तरार्धाकडे मात्र तितकेसे लक्ष गेले नाही. हक्क कोणाकडे आहे यावर कार्यक्षमता अवलंबून नसली तरी संपत्तीचे वाटप त्यावरच सर्वस्वी अवलंबून असते. अमेरिकेच्या गंधक-बाजारात बहुतेक परवाने वीजकेंद्रांना १९८५ ते १९८७ ह्या वर्षांतील इंधनवापराच्या प्रमाणात विनामूल्य मिळाले. ज्याने अधिक जाळले त्याला अधिक परवाने, असा त्याचा अर्थ होता. एका राष्ट्राच्या आत असा व्यवहार झाला तर करपद्धतीने व कायद्याने त्याची भरपाई करता येते. राष्ट्राराष्ट्रांमध्ये अशी भरपाई करणारे सार्वभौम शासन नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय धोरणात प्रारंभिक वाटप हाच कळीचा मुद्दा होऊन बसला.

३. रिओ ते क्योतो

वाद १९९२च्या रिओ परिषदेपूर्वीच सुरू झाला होता. वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने १९९० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात हरितगृह वायू सोडणाऱ्या पहिल्या पाच देशांत भारताची गणना केली. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट ह्या संस्थेतर्फे अनिल अगरवाल व सुनीता नारायण यांनी १९९१ साली त्यास उत्तर दिले. समुद्र आणि अरण्ये दरवर्षी काही उत्सर्जन शोषून घेतात. ही शोषणशक्ती अहवालाने प्रत्येक देशाच्या उत्सर्जनाच्या प्रमाणात वाटली होती, म्हणजे अधिक सोडणाऱ्याला अधिक वजावट मिळाली. तीच शक्ती लोकसंख्येच्या प्रमाणात वाटली तर भारताच्या नावावरचे आधिक्य नाहीसे होते, हे त्यांनी दाखवून दिले. आकडे तेच होते. भाजक बदलताच निष्कर्ष उलटला.

दुसरा प्रसंग १९९५ सालचा. हवामान-बदलावरील आंतरशासकीय मंडळाच्या दुसऱ्या अहवालासाठी नुकसानीचा हिशेब करताना अर्थशास्त्रज्ञांनी माणसाच्या सांख्यिकीय आयुष्याचे मोल धनिक देशांत पंधरा लाख डॉलर आणि गरीब देशांत एक लाख डॉलर असे धरले होते. जोखीम टाळण्यासाठी माणूस किती पैसे मोजण्यास तयार असतो, यावरून हे मोल काढतात. ज्याच्यापाशी पैसा कमी त्याची तयारीही कमी दिसणार, हे उघड आहे. भारताचे तत्कालीन पर्यावरणमंत्री कमल नाथ यांनी ह्या पद्धतीवर तीव्र आक्षेप घेतला. ह्या वादाने एक तत्त्व स्पष्ट केले. खर्च-लाभाचे गणित वितरणाविषयी तटस्थ दिसते खरे, परंतु विद्यमान विषमता त्याच्या पहिल्या पायरीतच गृहीत धरलेली असते.

डिसेंबर १९९७ मध्ये क्योतो येथे जो मसुदा संमत झाला त्याने औद्योगिक राष्ट्रांवर १९९०च्या तुलनेत उत्सर्जन सरासरी सुमारे पाच टक्क्यांनी घटविण्याचे बंधन घातले. मुदत २००८ ते २०१२ अशी पाच वर्षांची होती. युरोपीय संघाला ८ टक्के, अमेरिकेला ७ टक्के, जपानला ६ टक्के घट ठरली. ऑस्ट्रेलियाला उलट ८ टक्के वाढीची मुभा मिळाली. रशियाचे बंधन १९९०च्या पातळीवर राहण्याचे होते. परंतु सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर तेथील उद्योग इतका खालावला होता की, काहीही न करता त्या देशाजवळ विकण्याजोगा प्रचंड शिलकी हक्क जमा झाला. एका आधारवर्षाच्या निवडीने निर्माण झालेली ही मालमत्ता होती. पुढे २००१ साली अमेरिकेने करारातून अंग काढून घेतल्यावर ह्या शिलकीला गिऱ्हाईकही उरले नाही.

क्योतोपूर्वी, मे १९९७ मध्ये, ब्राझीलने एक वेगळी योजना मांडली होती. प्रत्येक औद्योगिक देशाचा वाटा त्याने आजवर तापमानवाढीस लावलेल्या हातभारावरून ठरवावा, बंधन मोडणाऱ्याकडून दंड घ्यावा आणि त्या दंडातून विकसनशील देशांतील स्वच्छ विकासासाठी निधी उभारावा, असे तिचे स्वरूप होते. वाटाघाटींच्या अखेरीस दंडाच्या जागी खरेदी आली आणि निधीच्या जागी बाजार आला. 'स्वच्छ विकास' हे शब्द तेवढे शिल्लक राहिले. कराराच्या १२व्या कलमातील स्वच्छ विकास यंत्रणा ती हीच. इतिहासाचा हिशेब योजनेतून गळाला आणि व्यवहार मात्र राहिला.

४. जमा होणारे टन आणि न होणारे टन

ह्या यंत्रणेची घडण अशी होती : विकसनशील देशातील एखाद्या प्रकल्पामुळे उत्सर्जन कमी झाले तर दर टनामागे एक प्रमाणपत्र मिळावे, ते औद्योगिक देशातील कंपनीने विकत घ्यावे व आपल्या बंधनाच्या पूर्ततेत धरावे. टनाला जेथे कमी खर्च येतो तेथे घट करावी, हे तिच्यामागचे अर्थशास्त्रीय तत्त्व निर्दोष होते. मात्र त्यास एक अट जोडणे भाग होते. प्रकल्प नसता तर काय झाले असते याची आधाररेषा आखावयाची आणि तिच्याखाली झालेली घटच तेवढी मोजावयाची. शिवाय प्रमाणपत्रांच्या उत्पन्नावाचून हा प्रकल्प झालाच नसता हेही सिद्ध करावयाचे. ह्या दुसऱ्या अटीला अतिरिक्तता म्हणतात.

भारताने ऑगस्ट २००२ मध्ये क्योतो मसुद्यास संमती दिली व फेब्रुवारी २००५ मध्ये करार अमलात आला. साखर कारखान्यांतील सहवीजनिर्मिती हा ह्या यंत्रणेतील एक ठळक वर्ग ठरला. त्यासाठीची गणनापद्धती ब्राझीलमधील एका साखर कारखान्याच्या प्रकल्पावरून मंजूर झाली होती. जुनी बाष्पके काढून ६७, ८७ किंवा ११० किलोग्रॅम दाबाची बाष्पके बसवावयाची, त्याच बगॅसपासून कितीतरी अधिक वीज काढावयाची आणि जादा वीज राज्याच्या जाळ्यात सोडावयाची. त्यामुळे कोळशावरील तितकी वीज वाचते, असा हा हिशेब होता. साखर विकास निधीतून मिळणारे कर्ज, राज्य वीज नियामक आयोगाने ठरविलेला खरेदीदर आणि सहवीजनिर्मितीस उत्तेजन देण्याची २००३च्या वीज कायद्यातील तरतूद ह्या गोष्टी त्यास अनुकूल होत्या.

हिशेबाचे स्वरूप ध्यानात यावे म्हणून एक कल्पित कारखाना घेऊ. हंगामात ५ लाख टन ऊस गाळला जातो. दीड लाख टन बगॅस निघतो. नवीन यंत्रे बसवून टनामागे ८० युनिट, म्हणजे एकूण ४ कोटी युनिट वीज विकली जाते. कोळशावर मुख्यतः अवलंबून असलेल्या जाळ्यात हजार युनिटांमागे ०.८ टन कार्बन डायऑक्साइड धरला तर वार्षिक घट ३२,००० टन होते. टनास १० युरो व युरोस ६५ रुपये हा भाव धरल्यास प्रमाणपत्रांचे उत्पन्न सुमारे २ कोटी ८ लाख रुपये येईल. विजेचे उत्पन्न युनिटास ३ रुपये दराने १२ कोटी होते. प्रमाणपत्रांचे उत्पन्न नगण्य नाही; परंतु मुख्य उत्पन्नाच्या सहाव्या हिश्श्याएवढेच आहे. तेव्हा ते नसते तर यंत्रे बसविलीच नसती का, ह्या प्रश्नाचे निर्णायक उत्तर ह्या आकड्यांतून मिळत नाही.

आता त्याच कारखान्याची दुसरी बाजू पाहू. दीड लाख टन ओल्या बगॅसमधील उष्णता सुमारे ८४ हजार टन देशी कोळशाइतकी भरते. बगॅसवरील बाष्पकांची कार्यक्षमता कोळशावरील बाष्पकांहून कमी असते हे जमेस धरूनही, हेच काम कोळशावर केले असते तर हवेत दर हंगामाला लाखभर टन कार्बन डायऑक्साइड गेला असता. ह्या लाख टनांना प्रमाणपत्रांच्या हिशेबात स्थान नाही. कारखाना पूर्वीपासूनच बगॅस जाळीत होता. त्याची आधाररेषाच बगॅसची. प्रकल्प असो वा नसो, ह्या बाबतीत फरक शून्य आणि म्हणून मोबदला शून्य. कसबा बावड्यासारख्या कारखान्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जे केले ते अशा रीतीने हिशेबाबाहेर राहते, आणि जो कारखाना मध्यंतरी कोळशाकडे वळून पुन्हा चोथ्याकडे येईल त्याला मात्र नवीन घटीचा दावा मांडता येतो. चुलाणाखाली चिपाडच घालणाऱ्या पंचगंगा-खोऱ्यातील गुऱ्हाळांचीही हीच गत आहे.

ह्यावर अर्थशास्त्रज्ञांचे उत्तर विचारात घेण्याजोगे आहे. मोबदल्याचा हेतू वर्तन बदलण्याचा असतो. जे वर्तन मोबदल्याशिवायही घडणारच होते त्यासाठी पैसा दिला तर त्या पैशाने हवेतील एक टनही कमी होत नाही. उलट, ते प्रमाणपत्र घेऊन युरोपातील वीजकेंद्र एक टन अधिक सोडील आणि जगाचे एकूण उत्सर्जन वाढेल. बगॅस फुकटचे इंधन असल्यामुळे तेथे कोळसा कोणीही जाळला नसता. हे उत्तर तर्कदृष्ट्या बिनतोड आहे. परंतु त्याच बिनतोड तर्काने औद्योगिक राष्ट्रांकडे पाहिले असता काय दिसते? १९९० साली जो जितके सोडीत होता तितके सोडण्याचा त्याचा हक्क मूळ धरून त्यात किरकोळ कपात करण्यात आली. पूर्वीचे अधिक उत्सर्जन हा तेथे हक्काचा आधार ठरला, आणि पूर्वीचे अल्प उत्सर्जन येथे काहीच ठरले नाही.

५. आधाररेषेचे विपरीत परिणाम

आधाररेषेवर मोबदला अवलंबून ठेवला की आधाररेषा उंच राखण्यात हितसंबंध निर्माण होतो. शीतकरणासाठी लागणारा एचसीएफसी-२२ हा वायू तयार करताना एचएफसी-२३ नावाचा उपपदार्थ निघतो. त्याचा एक टन कार्बन डायऑक्साइडच्या ११,७०० टनांबरोबर मोजला जाई. तो जाळून टाकण्यास समतुल्य टनामागे एक युरोहूनही कमी खर्च येई, आणि प्रमाणपत्राला बाजारात त्याच्या अनेक पट भाव मिळे. भारतात गुजरातमधील रणजितनगरच्या कारखान्याचा प्रकल्प २००५ साली नोंदला गेला. साऱ्या जगात असे कारखाने अवघे एकोणीस. तरी प्रारंभीच्या वर्षांत दिल्या गेलेल्या प्रमाणपत्रांचा फार मोठा भाग त्यांच्याकडे गेला. मुख्य मालापेक्षा टाकाऊ वायू नष्ट करणेच अधिक किफायतशीर ठरू लागले. युरोपीय संघाने मे २०१३ पासून आपल्या बाजारात ही प्रमाणपत्रे स्वीकारणे बंद केले. भारत सरकारने ऑक्टोबर २०१६ मध्ये हा वायू स्वतःच्या खर्चाने नष्ट करण्याचा आदेश उत्पादकांना दिला. जे काम एका साध्या आदेशाने झाले त्यासाठी बाजाराने दशकभर कैक पट किंमत मोजली होती.

अपारंपरिक विजेच्या प्रकल्पांतही शंकेला जागा होती. भारतातील पवनचक्क्यांच्या प्रकल्पांचा अभ्यास करून राफाएल कालेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली असा निष्कर्ष काढला की, किमान ५२ टक्के प्रमाणपत्रे प्रमाणपत्रांवाचूनही बहुधा उभ्या राहिल्या असत्या अशा प्रकल्पांना मिळाली. जर्मनीच्या ओको संस्थेने २०१६ साली साऱ्या यंत्रणेविषयी याहून कठोर मत दिले होते. ह्याचा अर्थ प्रकल्प निरुपयोगी होते असा नव्हे. पवनचक्क्यांनी वीज दिलीच. अर्थ इतकाच की, त्यांच्या बदल्यात युरोपात जे अधिक उत्सर्जन झाले त्याची भरपाई पुरतेपणी झाली नाही.

दरम्यान बाजारच कोसळला. २००८ साली वीस युरोंवर गेलेला प्रमाणपत्राचा भाव २०१२ अखेर अर्ध्या युरोच्या आसपास आला. मंदीमुळे युरोपातील उत्पादन घटले होते, प्रमाणपत्रांचा पुरवठा वाढत होता, आणि २०१२ नंतर नोंदलेल्या प्रकल्पांपैकी केवळ अत्यल्प विकसित देशांतील प्रमाणपत्रे घेण्याचे युरोपीय संघाने ठरविले होते. वरील कल्पित कारखान्याचे २ कोटींचे उत्पन्न ह्या भावाने, युरोस ७५ रुपये धरूनही, १२ लाखांवर येते. तपासणी व नोंदणीचा खर्च वजा जाता त्यातून फारसे काही उरत नाही. ज्या मागणीची मर्यादा खरेदीदाराच्या धोरणाने ठरते, त्या बाजारात विक्रेत्याला भविष्याचा आधार नसतो, हा धडा उसाच्या आणि गुळाच्या भावांची चढउतार पाहिलेल्या प्रदेशाला नवा नव्हता.

६. पॅरिसनंतर

पॅरिस येथे २०१५ साली झालेल्या कराराने वाटपाचा प्रश्न वेगळ्या रीतीने बाजूस सारला. प्रत्येक देशाने आपला वाटा आपणच जाहीर करावा असे ठरले. भारताने २००५ हे आधारवर्ष धरून राष्ट्रीय उत्पन्नाच्या एककामागील उत्सर्जन २०३० पर्यंत ३३ ते ३५ टक्क्यांनी घटविण्याचे जाहीर केले. २०२२ साली हे उद्दिष्ट ४५ टक्क्यांवर नेले. निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्यासाठी २०७० हे वर्ष २०२१च्या ग्लासगो परिषदेत घोषित झाले. येथे लक्ष्य एकूण उत्सर्जनाचे नसून प्रमाणाचे आहे. वाढत्या अर्थव्यवस्थेसाठी निवडलेली ही आधाररेषा आहे.

तोच प्रश्न आता देशाच्या आतही उभा राहिला आहे. ऊर्जासंवर्धन कायद्यात २०२२ साली दुरुस्ती होऊन २०२३ साली भारताची कार्बन-पत्र व्यापार योजना अधिसूचित झाली. २०२५ साली सिमेंट, ॲल्युमिनियम, कागद इत्यादी उद्योगांतील कारखान्यांना उत्पादनाच्या टनामागील उत्सर्जनाची लक्ष्ये ठरवून देण्यात आली. त्यांचे आधारवर्ष २०२३-२४ आहे. ज्या कारखान्याने त्यापूर्वीच सुधारणा केली त्याला आणखी घट करणे महाग पडणार आणि ज्याने विलंब केला त्याच्यापाशी स्वस्त घट शिल्लक राहणार. क्योतोपुढे भारताने मांडलेली तक्रार भारतातील कारखानदार आपल्या शासनापुढे मांडू शकतील अशी ही स्थिती आहे. युरोपीय संघाने पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट आदी आयात मालावर जो कार्बन-आकार २०२६ पासून लागू केला, त्यात आधारवर्ष मुळीच नाही. मालाच्या टनामागील आजचे उत्सर्जन तेवढे पाहिले जाते. ज्या देशाने दीडशे वर्षे कोळसा जाळून भांडवल उभारले त्याचा आणि ज्याने नुकताच प्रारंभ केला त्याचा माल एकाच मापाने मोजला जातो. ओतीव लोखंडाच्या धंद्यावर नावारूपास आलेल्या कोल्हापूरसारख्या जिल्ह्याने ह्या मापाकडे लक्ष ठेवणे अगत्याचे आहे.

७. दोन हिशेब

ह्या इतिहासातून निघणारा निष्कर्ष असा की, उत्सर्जनाच्या अर्थकारणात दोन वेगवेगळे हिशेब आहेत आणि एकाच साधनाने ते दोन्ही भागविण्याचा प्रयत्न क्योतोपासून चालला. पहिला हिशेब पुढील टनाचा आहे. पुढील टन कोठे स्वस्तात कमी होईल हे किंमतच सांगू शकते, आणि त्यासाठी अतिरिक्ततेची अट रास्त आहे. कसबा बावड्याच्या कारखान्याने पूर्वी जाळलेल्या चोथ्याला आज प्रमाणपत्र देणे हे ह्या हिशेबात चूकच ठरेल. दुसरा हिशेब मागील टनांचा आहे. औद्योगिक क्रांतीपासून झालेल्या कार्बन डायऑक्साइडच्या एकूण उत्सर्जनात अमेरिकेचा वाटा सुमारे चौथ्या हिश्श्याएवढा व भारताचा तीन ते चार टक्क्यांचा आहे. हा हिशेब बाजारात मांडता येत नाही. तो कराने, अनुदानाने किंवा भरपाईनेच फेडावा लागतो. ब्राझीलच्या मूळ योजनेत हे दोन हिशेब निराळे ठेवलेले होते. ते एकत्र केल्यामुळे बाजाराकडून न्यायाची अपेक्षा झाली, जी तो पुरी करू शकला नाही, आणि न्यायाच्या नावाखाली बाजारात खोटे टन शिरले, ज्यामुळे तो कार्यक्षमही राहिला नाही.

दुसऱ्या हिशेबाची फेड किती तोकडी आहे हे अलीकडील परिषदांत दिसते. हानी व नुकसान यांसाठीचा निधी २०२२ साली शर्म अल-शेख येथे मान्य झाला. पुढील वर्षी दुबईत त्याला मिळालेली वचने सुमारे ७० कोटी डॉलरांची होती. बाकू येथे २०२४ साली विकसित देशांनी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभारण्याचे मान्य केले. मागणी १,३०० अब्जांची होती आणि भारताने ठरावावर उघड नापसंती नोंदविली.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट मानली जाते. २०१९ आणि २०२१ ह्या दोन्ही साली पाणी ५५ फुटांच्या वर गेले. कोणत्याही एका पुराचे खापर केवळ हवामान-बदलावर फोडता येत नाही. धरणांतील विसर्ग, नदीपात्रालगतची बांधकामे व पावसाचे स्वरूप ही सर्व कारणे तेथे एकत्र येतात. तथापि तापत्या हवेत बाष्प अधिक मावते व अतिवृष्टीचा जोर वाढतो, हे विज्ञानाने निश्चित केले आहे. त्या पाण्यात ज्याचा ऊस कुजला त्या शेतकऱ्याचे नाव कोणत्याही आधाररेषेत नाही. त्याच्या कारखान्याने न सोडलेले टन पहिल्या हिशेबात येत नाहीत हे मान्य करावे लागते. परंतु म्हणूनच त्याची हानी दुसऱ्या हिशेबात आली पाहिजे. आधारवर्ष निवडणे हे तांत्रिक काम म्हणून तज्ज्ञांच्या समित्यांकडे सोपविले जाते. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने तेथे प्रथम पाहावयाचे ते हे की, ते वर्ष निवडल्याने कोणाच्या नावावर किती जमा झाली आणि कोणाची किती खोडली गेली.